बुधवारची कुई

मलेशियात राहायला आलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात भेटणारा शब्द म्हणजे 'कुई'. सकाळी सातला रस्त्याच्या कडेला टेबल मांडून बसलेली बाई कुई विकत असते. ऑफिसच्या मीटिंगमध्ये चहाबरोबर कुई येते, लग्नाकार्यात येते, आणि रमजानच्या संध्याकाळच्या बाजारात तर टेबलांमागून टेबलं कुईनं भरलेली असतात. हिरवी, पांढरी, गुलाबी, चक्क निळीसुद्धा! सगळ्याच कुई गोड नसतात. बटाट्याचं सारण भरून तळलेली, करंजीच्या आकाराची 'करीपाप' हीसुद्धा कुईच. पण बऱ्याचशा गोड, वाफवलेल्या आणि दोन-तीन घासांत संपणाऱ्या. इंग्रजीत त्यांना केक म्हणतात, ते काही मला पटत नाही. मराठीत त्याला एकच शब्द शोभतो : खाऊ.

आपल्या अंकाचे वाचक दोन प्रकारचे. एक, इथे माझ्यासारखे संसार मांडून बसलेले, दुसरे, तिकडे भारतात बसून "तिथे गोडधोड काय मिळतं गं?" असं फोनवर विचारणारे आई-बाबा, सासू-सासरे, मावश्या-आत्या. हा लेख दोघांसाठी आहे. इथल्यांनी कुई खाल्लेली असेल, पण करून पाहिली असेलच असं नाही. तिकडच्यांना तर मी एवढंच सांगेन, की ज्या देशाबद्दल तुम्हाला काळजी वाटते, तिथल्या स्वयंपाकघरात तुमच्याच ओळखीच्या तीन वस्तू आहेत : तांदूळ, नारळ आणि गूळ.

मी मूळची मालवणची, लग्नानंतर ठाण्याची. मराठी घेऊन एम.ए. केलं आणि एका शाळेत आठवी ते दहावीला मराठी शिकवत होते. सहा वर्षांपूर्वी यांची बदली क्वालालंपूरला झाली आणि आम्ही पेटालिंग जयात राहायला आलो. माझ्या पासवर इथे नोकरी करता येत नाही. मुलगी शाळेत गेली, हे ऑफिसला गेले, की साडेआठ वाजता घर एकदम शांत. ज्यांनी नोकरी सोडून असा देश बदललाय, त्यांना ही शांतता वेगळी समजावून सांगायला नको.

त्या शांततेतून मला बाहेर काढलं ते आमच्या इमारतीतल्या तिघींनी. नावं सांगत नाही, कारण इथे नावानं हाक मारायची पद्धत आमच्यात कधी पडलीच नाही. पहिल्या आंटी. चौथ्या मजल्यावरच्या, सत्तरी ओलांडलेल्या, मूळच्या मलाक्क्याच्या न्योन्या. दुसऱ्या अक्का. तमिळ, त्यांचे आजोबा रबराच्या मळ्यात कामाला आले, तेव्हापासून हे कुटुंब इथलंच. आणि तिसरी काक. मलाय भाषेत मोठ्या बहिणीला 'काकाक' म्हणतात, हाक मारताना नुसतं 'काक'. माझ्या आईनं फोनवर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती घाबरून म्हणाली, "हे कोणते काका रोज घरी येतात?"

आम्ही चौघी दर बुधवारी सकाळी एकत्र कुई करायला लागलो, आणि ते माझ्या घरी. याला कारण आहे, आणि परदेशात राहणाऱ्यांच्या ते उपयोगाचं आहे. काक मुस्लिम. आंटींच्या स्वयंपाकघरात डुकराचं मांस शिजतं, त्यामुळे तिथल्या भांड्यांतलं तिला चालत नाही. अक्कांच्या घरी मंगळवार-शुक्रवार सोडून मटण-मासे असतात आणि गोमांस कधीच नाही. आंटी बौद्ध, चिनी चांद्रमहिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे साधारण आपल्या अमावास्या-पौर्णिमेला, त्या पूर्ण शाकाहारी. आणि मी मालवणची असले, तरी लग्नानंतर घरात शाकाहारीच स्वयंपाक. एकदा लिफ्टजवळ गप्पा मारताना काक माझ्याकडे बघून सहज म्हणाली, "तुझ्याकडे मांस नाही, दारू नाही. मग तुझ्या ओट्यावर आम्ही सगळ्याच येऊ शकतो की!" माझा शाकाहारी ओटा असा चार घरांचा ओटा झाला.

तरी काही नियम आम्ही पाळले. वाफवायची तीनमजली चाळण नवी घेतली, ती फक्त कुईसाठी. जिलेटिन नाही, त्याऐवजी आगर-आगर, म्हणजे आपलं चायना ग्रास. ज्या इसेन्समध्ये अल्कोहोल असतं ते नाही. काकला एवढं पुरतं; दुसऱ्या कुणाला आणखी काही लागेल, म्हणून आधी विचारून घ्यावं. विचारल्यानं कुणाला राग येत नाही, उलट बरं वाटतं, असा माझा अनुभव आहे.

पहिल्या बुधवारी आंटींनी शिकवली ती 'ओन्दे-ओन्दे'. चिकट तांदळाच्या पिठीचा हिरवा गोळा, त्याच्या पोटात गुळाचा खडा, उकळत्या पाण्यात शिजवायचा आणि ओल्या खोबऱ्यात घोळवायचा. मी हातात घेऊन पाहिलं आणि मला हसूच आलं. हा तर उलटा मोदक! आपण खोबरं आत कोंडतो, इथे ते बाहेर. एवढंच नाही, आंटी पिठाचा छोटा गोळा आधी पाण्यात शिजवून घेतात आणि तो बाकीच्या पिठात मळतात, म्हणजे पारी फाटत नाही. उकड काढण्यामागचा विचार तोच, वाट वेगळी.

यातला गूळ म्हणजे 'गुला मलाका'. माडाच्या पोयीतून उतरवलेला रस आटवून तो बांबूच्या नळ्यांत ओततात, म्हणून बाजारात त्याच्या गोल कांड्या मिळतात. रंग गडद, वासाला किंचित धुराची झाक. गोव्याचा काळा माडाचा गूळ ज्यांनी खाल्लाय, त्यांना ही चव लगेच ओळखू येईल. हिरवा रंग आणि सुगंध येतो पांदानच्या पानांतून. ही वनस्पती आपल्या केवड्याच्या कुळातली. पण तिचा वास मात्र नव्या आंबेमोहोर भातासारखा, आणि ते भास म्हणून नाही. बासमती, आंबेमोहोर आणि पांदान या तिघांमधलं मुख्य सुगंधी द्रव्य एकच आहे. आणि निळी कुई दिसली तर घाबरू नका. तो रंग गोकर्णाच्या फुलांचा. आपण ती देवाला वाहतो, इथे ती चुरगाळून पाण्यात भिजवतात आणि ते पाणी भाताला लावतात.

मग पुढचे बुधवार असेच गेले. 'कुई दादार' केली : पांदानचं हिरवं धिरडं आणि आत गूळ-खोबऱ्याचं सारण. गोव्यात 'आले-बेले' नावानं जे गोड धिरडं करतात, त्याची ही सख्खी बहीण. अक्कांनी 'पुटु मायम' केलं : तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या शेवया, वर खोबरं आणि गूळ. मी म्हटलं, थांबा, आता माझी पाळी. साच्यातून शेवया पाडल्या, नारळाच्या रसात गूळ-वेलची घातली आणि मालवणी शिरवाळे-रस त्यांच्यापुढे ठेवला. तिघींनी वाट्या पुसून खाल्ल्या. वेलचीबद्दल थोडी चर्चा झाली. आंटींच्या मते वेलची करीत शोभते, खाऊत नाही!

एका बुधवारी माझा उपवास होता. "मी आज खाणार नाही," असं सांगितल्यावर काकनं विचारलं, "पुआसा?" मी मान हलवली, आणि मग दोन मिनिटं तो शब्द डोक्यात घुमत राहिला. पुआसा म्हणजे रोजा, उपास. आणि 'पुआसा' हा शब्द आला आहे संस्कृत 'उपवास'वरूनच. काक रमजानमध्ये 'पुआसा' धरते, मी चतुर्थीला 'उपवास' धरते, आणि दोघींच्या तोंडी शब्द एकच. त्या दिवशी तिनं मुद्दाम 'सागु गुला मलाका' केलं : शिजवलेला साबुदाणा, नारळाचं दूध, गुळाचा पाक. मला उपासाला चालणारी कुई! 'सागु' हा शब्दसुद्धा मूळचा मलाय. इकडे तो सागु नावाच्या ताडवर्गीय झाडाच्या गाभ्यापासून काढत आले आहेत. भारतातला आपला साबुदाणा टॅपिओकाच्या कंदाचा, दाणा तसाच.

मराठीच्या मास्तरणीला एवढं पुरेसं होतं. मी वहीत शब्द टिपायला लागले. गुला आणि गूळ, दोन्हींचं मूळ संस्कृत 'गुड'. मादु म्हणजे मध. काचा म्हणजे काच. बहासा म्हणजे भाषा. आणि 'सेरी मुका' नावाची एक सुंदर कुई आहे : खाली नारळाच्या दुधात शिजवलेला चिकट भात, वर पांदानचा हिरवागार थर. सेरी म्हणजे श्री, मुका म्हणजे मुख. श्रीमुख! खाऊला याहून सुरेख नाव कुठल्या भाषेत असेल? ही यादी मी आपल्या रविवारच्या मराठी वर्गात नेली. एरवी जोडाक्षरं दिसली की चेहरे पाडणारी मुलं त्या दिवशी स्वतःहून शब्द शोधायला लागली. 'सेरी मुका'ला वर्गात जो हशा पिकला, तो का, हे मराठी आईबापांना सांगायला नकोच.

हे सारं इतकं ओळखीचं का, याचं थोडं उत्तर मलाक्क्यात आहे. आमच्यापासून गाडीनं दोन तासांवरचं हे जुनं बंदर. इथे गुजराती, तमिळ, चिनी, अरब व्यापारी येत. इथे स्थायिक झालेल्या चिनी व्यापाऱ्यांनी स्थानिक बायकांशी लग्नं केली, त्यांचे वंशज म्हणजे बाबा-न्योन्या, आमच्या आंटींचे लोक. अल्बुकर्कनं 1510 मध्ये गोवा घेतला आणि पुढच्याच वर्षी, 1511 मध्ये, मलाक्का. मग 1641 पर्यंत दोन्ही बंदरं एकाच पोर्तुगीज सत्तेखाली होती. कोणता पदार्थ कुठून कुठे गेला, हा वाद मी जाणकारांवर सोडते. पण नाताळात गोव्यात होणारा दोदोल इथे ईदला 'दोदोल' याच नावानं, तांदूळपीठ, नारळाचं दूध आणि माडाचा गूळ घालूनच होतो, आणि दोन्हीकडे तो कित्येक तास ढवळावा लागतो, एवढं मी डोळ्यांनी पाहिलंय. थरावर थर चढवायची बेबिंका आठवावी अशी 'कुई लापिस'ही इथे आहे. फरक इतकाच, की बेबिंका भाजतात, लापिस वाफवतात.

आणि या कुई लापिसपाशी आमची बुधवारची गंमत गंभीर झाली.

आंटींची मुलगी मेलबर्नला असते. एका बुधवारी तिचा फोन आला. तिच्या मुलाच्या शाळेत काहीतरी होतं आणि तिला लापिस करायची होती. आंटी सांगत होत्या : तांदळाचं पीठ 'आगाक-आगाक', टॅपिओकाचं पीठ थोडं, दूध 'आगाक-आगाक'. म्हणजे अंदाजे. पलीकडून मुलीचा आवाज रडवेला झाला, "मम्मी, आगाक-आगाक म्हणजे किती ग्रॅम?" आंटींना सांगता येईना. त्यांनी फोन ठेवला, बोटं चोळली आणि म्हणाल्या, "माझ्या आईनं मला कधी सांगितलंच नाही. मी शेजारी उभी होते, एवढंच." त्यांच्या बोटांना संधिवात आहे. त्या वर्षी पीठ मळायचं काम त्यांनी आमच्यावर सोपवलेलं होतं.

त्या बुधवारपासून माझा वजनकाटा ओट्यावर आला. आंटींनी पिठात मूठ घालायची आणि ती थेट पातेल्यात न टाकता काट्यावरच्या वाटीत टाकायची. त्या कुरकुरल्या, पण तयार झाल्या. त्यांच्या 'चार मुठी' पहिल्या वेळी 196 ग्रॅम भरल्या, दुसऱ्या वेळी 204, तिसऱ्या वेळी 199. मी आकडे त्यांना दाखवले. अक्का म्हणाल्या, "हा अंदाज नाही, हा काटाच आहे." ज्याला आपण अंदाज म्हणतो, ते पन्नास-साठ वर्षं रोज केलेलं काम असतं, हे मला त्या तीन आकड्यांनी शिकवलं.

पण सगळं काट्यावर बसत नाही. लापिसचं पीठ किती पातळ हवं? आंटी पळी उचलून धार सोडायच्या आणि बघायच्या. मी वहीत लिहिलं : 'पळीतून पडलेली धार वर क्षणभर रेघ होऊन दिसते आणि लगेच मिटते.' थर शिजला हे कसं ओळखायचं? 'दुधाळ रंग जाऊन काचेसारखी झाक येते. बोट लावलं तर चिकटतं, पण पीठ बोटावर येत नाही.' झाकणाला फडकं का बांधायचं? 'वाफेचा थेंब पडला तर थराला खळगा पडतो आणि पुढचा थर तिथून सुटतो.' प्रत्येक थर चार-पाच मिनिटं, असे नऊ थर, एक पांढरा, एक गुलाबी. घाई करता येत नाही. वर्गात निबंध तपासताना मी मुलांना सांगायचे, 'छान' लिहू नका, काय दिसलं ते लिहा. तोच नियम इथे कामी आला. काकनं वही वाचून घेतली, मलाय शब्द दुरुस्त केले आणि त्या दिवसापासून ती मला 'चिकगू' म्हणायला लागली. इथे शिक्षकांना अशीच हाक मारतात. त्यातला 'गू' हा आपल्या 'गुरू'तला. साडेचार वर्षांनी मला कुणीतरी बाई म्हणून हाक मारली होती.

त्या वहीत बावीस कुई झाल्या. यंदा फेब्रुवारीत चिनी नववर्ष आटोपल्यावर आंटी कायमच्या मेलबर्नला मुलीकडे गेल्या. घर विकलं. जाताना वहीची एक प्रत त्यांच्या हातसामानात होती, मूळ माझ्याकडे आहे. एप्रिलमध्ये फोटो आला : लापिसचा तुकडा, नऊ थर, किंचित वाकडे. सोबत एका छोट्या मुलाचा हात एकेक थर सोलून काढत होता. इथली सगळी मुलं लापिस अशीच खातात, चावून नाही, सोलून. आंटीही लहानपणी तशीच खायच्या, त्यांनीच सांगितलं होतं.

मे महिन्यात मी मालवणला गेले तेव्हा वजनकाटा बॅगेत होता. आईला म्हटलं, उकडीचे मोदक कर, पण प्रत्येक गोष्ट आधी या वाटीत टाक. ती हसून हसून खाली बसली. "सोनाराचा दुकान घातलंस काय गो?" पण तिनं टाकलं. पिठी, पाणी, चिमूटभर मीठ, लोण्याचा गोळा. उकडीवर झाकण किती वेळ ठेवतेस, विचारलं तर म्हणाली, "वास येईपर्यंत." तेही लिहून घेतलं, आणि घड्याळ लावून मिनिटंही. आई अडुसष्ट वर्षांची आहे, तब्येतीनं ठणठणीत आहे. म्हणूनच आता.

मंडळी, या अंकाच्या निमित्तानं माझी एकच विनंती आहे. तुमची आई, सासू, काकू इकडे राहायला येतात तेव्हा त्यांना ट्विन टॉवर्स दाखवा, बातु केव्हजला न्या, सगळं करा. पण एक दिवस त्यांच्या शेजारी ओट्याशी उभे राहा आणि वही-काटा घेऊन उभे राहा. आणि तुमच्या मजल्यावर जी कुणी आंटी, अक्का, काक असेल, तिचं दार वाजवा. गप्पा मारायला भाषा लागते, पीठ मळायला लागत नाही.

आमचा बुधवार चालू आहे. आंटींच्या जागी आता काकची कॉलेजातली मुलगी येते. दिवाळीआधीच्या बुधवारी आम्ही चकल्या करतो. इथे त्याला मुरुकु म्हणतात आणि ईद असो, चिनी नववर्ष असो, दिवाळी असो, तो सगळ्यांच्याच घरी असतो.

शेवटी वहीतलं पहिलं पान, तुमच्यासाठी.

ओन्दे-ओन्दे (साधारण 30 नग)

साहित्य : चिकट तांदळाची पिठी 250 ग्रॅम, पांदानची पानं 10, पाणी साधारण 200 मिली, गुला मलाका 150 ग्रॅम, ओलं खोबरं दीड वाटी, मीठ पाव चमचा.

कृती : खोबऱ्यात मीठ आणि पांदानचा एक तुकडा घालून पाच मिनिटं वाफवा, इथल्या उकाड्यात त्यामुळे खोबरं आंबत नाही. उरलेली पानं कापून पाण्याबरोबर मिक्सरमधून काढा, गाळा आणि कोमट करा. गूळ बारीक चिरा. मोठा खडा वितळत नाही. पिठीत पांदानचं पाणी थोडं थोडं घालत मऊ गोळा मळा. त्यातला लिंबाएवढा गोळा चपटा करून उकळत्या पाण्यात तरंगेपर्यंत शिजवा आणि परत पिठात मळून घ्या. सुपारीपेक्षा थोड्या मोठ्या गोळ्या करा, वाटी करून गूळ भरा, तोंड नीट मिटवा. उकळत्या पाण्यात सोडा. वर तरंगल्यावर आणखी दोन मिनिटं ठेवा, म्हणजे आतला गूळ वितळतो. झाऱ्यानं काढून लगेच खोबऱ्यात घोळवा.

मोदकाची पिठी इथे चालणार नाही, चिकट तांदळाचीच हवी. इतर देशांतल्या वाचकांना ती थाई किंवा चिनी दुकानात मिळेल. गुला मलाका नसेल तर माडाचा गूळ, तोही नसेल तर गडद कोल्हापुरी गूळ. पांदान नसेल तर साधं पाणी घ्या, गोळ्या पांढऱ्या होतील. थोड्या निवू द्या. आणि खाताना अख्खी तोंडात टाकून तोंड मिटून चावा. अर्धी चावलीत, तर गुळाची पिचकारी समोरच्याच्या दिवाळीच्या नव्या कपड्यांवर जाते.